घरच्या घरी शेनील आणि रॅग गोधडी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिवणाच्या क्लासात पहिल्या दिवसापासून एकच धोशा असतो: दशा सुटू देऊ नका, कड दुमडा, इंटरलॉक करा. इथे नेमकं उलटं आहे. दशा मुद्दाम सोडायच्या, पण आपल्याला हव्या तिथे आणि हव्या तेवढ्याच. वर्षानुवर्षं ब्लाऊज-परकर शिवलेल्या बायकाही म्हणूनच इथे अडखळतात. खालची उत्तरं घरी साधं मशीन आणि माळ्यावर जुन्या कपड्यांचं गाठोडं असलेल्यांसाठी आहेत.

शेनील आणि रॅग, दोन्ही एकच का?

नाही. दोन्हीत कापडाच्या कच्च्या कडा फुलवायच्या असतात, साम्य तेवढंच.

शेनीलमध्ये चार ते सहा कापडं एकावर एक ठेवून त्यांवर जवळजवळ तिरक्या टिपा मारतात. मग दोन टिपांच्या मधोमध कात्री घालून तळाचं कापड सोडून वरचे सगळे थर कापतात. धुतलं की कापलेल्या कडा फुलतात आणि मखमलीसारखी जाड लव उभी राहते. रॅगमध्ये दोन-तीन थरांचे चौकोन जोडतात, पण शिवण आत न लपवता वर ठेवतात. शिवणीबाहेरची माया, म्हणजे टिपेपलीकडे सोडलेलं जास्तीचं कापड, बारीक बारीक कातरली आणि धुतली की चौकोनांभोवती झिरमिळ्या येतात.

बाजारात सोफ्याच्या कव्हरांना ‘शेनील’ म्हणतात ते निराळं. तिथे सूतच लवदार बनवून मग विणलेलं असतं. घरी करतो ते त्याचं कात्रीने काढलेलं रूप.

मग आपली गोधडी आणि ही रॅग गोधडी यांत काय फरक?

गोधडीत किंवा वाकळेत ठिगळाची कड आत दुमडतात आणि हाताने धावदोरा घालत जातात, त्यामुळे ती सपाट आणि हलकी होते. रॅग मशीनवर होते, लवकर होते आणि वजनाला जड असते. पांघरायला मला आजही धावदोऱ्याचीच आवडते. रॅगची मजा सतरंजीसारखी खाली अंथरण्यात, सोफ्यावर टाकण्यात, पिशव्या-उशांमध्ये आहे.

कापड कुठलं घ्यावं?

शंभर टक्के सुती आणि शक्यतो थोडं सैल विणीचं. त्यात पहिला मान फलालीनचा. धुतल्यावर ते असं फुलतं की नवशिक्याचं कामही सफाईदार दिसतं. त्याच्या खालोखाल हातमागाचं चौकड्याचं कापड, जाडसर खादी, जुने पंचे आणि जीन्स.

चौकड्याचं म्हटलं त्याला कारण आहे. त्यात आधी सूत रंगवून मग विणतात, म्हणून दोन्ही बाजूंनी आणि आत धाग्यापर्यंत रंग असतो. छापील कापड उलट्या बाजूने फिकट असतं. शेनीलमध्ये तर कापडाचा चेहरा दिसतच नाही, दिसते ती कापलेली कड. पाच थरांच्या पाच कडा शेजारी शेजारी उभ्या राहतात आणि त्यांचे रंग एकमेकांत मिसळतात. वरच्या थराला सुंदर फुलं छापलेली असतील तर ती कापून निघतात आणि खालच्या पांढुरक्या पाठी वर डोकावतात. महागडं छापील कापड घेऊन हिरमुसलेले लोक बरेच असतात. थर निवडताना कापडाची घडी बघू नका. सगळ्या थरांच्या कडा एकत्र चिमटीत धरून बाजूने बघा. तयार शेनीलचा रंग साधारण तसाच येतो.

काय टाळावं? टेरीकॉट आणि पॉलिएस्टरचे धागे गुळगुळीत सुटतात, फुलत नाहीत. होजिअरीचे टी-शर्ट स्वेटरसारखे फाशांनी विणलेले असतात, त्यांच्या कडा गुंडाळतात आणि दशा निघतच नाहीत. पॉपलीन, रुबिया घट्ट विणीचं असल्याने फुलायला आळशी, मधल्या थराला चालेल. खणाच्या दशा इतक्या सुटतात की शिवणीपर्यंत काही उरत नाही. आणि रेशमाला, विशेषतः कुणाच्या लग्नातल्या पैठणीला, कात्री लावायचा विचार सोडा.

गाठोड्यातलं कापड सुती आहे की नाही कळत नसेल तर दोन-चार धागे चिमट्यात धरून बेसिनवर पेटवा. सुताला जळक्या कागदाचा वास येतो आणि मागे भुरभुरीत राख राहते. पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो.

शेनीलला उरेब, म्हणजे धाग्यांना तिरकंच, का कापावं लागतं?

या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. हे कळलं की बाकीची अर्धी उत्तरं स्वतःची स्वतःला देता येतात.

चौकड्याच्या कापडाचा तळहाताएवढा तुकडा घ्या. तो धाग्याच्या रेषेत सरळ कापा आणि कडेचा एक धागा सुईच्या टोकाने ओढा. तो कडेला समांतर असतो, त्याला धरून ठेवणारं बाहेरच्या बाजूला काहीच नसतं, म्हणून या टोकापासून त्या टोकापर्यंत सरसर निघून हातात येतो. त्यामागचा निघतो, त्याच्यामागचाही. आता तोच तुकडा कोपऱ्यातून कोपऱ्याकडे तिरका कापा. इथे कडेला उभे आणि आडवे दोन्ही धागे तिरके येऊन संपतात. प्रत्येकाचं एक टोक मोकळं असतं, पण दुसरं आत कापडात अडकलेलं. ओढलं तर थोडी पिंजलेली टोकं हाताला लागतात, सबंध धागा सुटत नाही.

शेनीलमध्ये हे आत अडकलेलं टोक टिपेखाली दाबलेलं असतं. म्हणून उरेब कापलं की दाट लव येते आणि वर्षानुवर्षं टिकते. सरळ धाग्यावर टिपा मारून कापलं तर पहिल्या धुण्यात दोऱ्यांचा गुंता मिळतो आणि चार धुण्यांत खालचं कापड उघडं पडतं.

रॅगमध्ये मात्र चौकोन सरळ धाग्यावरच कापतात. तिथे कडेला समांतर असलेले धागे गळून पडायलाच हवे असतात, म्हणजे उभे राहिलेले धागे झिरमिळ्या होतात. पण ते समांतर धागे लांबच लांब असतात, सहज गळत नाहीत. माया कातरायची ती त्यांचे बारीक तुकडे करण्यासाठी.

नवीन कापड आधी धुवायचं का?

सगळं नवीन आणि एकाच जातीचं असेल तर रॅगसाठी धुवू नका. पुढे सगळं एकदम आटतं आणि छान चुण्या पडतात. जुनं-नवं एकत्र असेल तर नवं धुवूनच घ्या, कारण जुनी साडी आटायची तेवढी आटून झालेली असते आणि शेजारचं फलालीन तिला ओढून वाकडं करतं. मांजरपाट तळाला वापरत असाल तर ते गरम पाण्यात भिजवून, धुऊन, इस्त्री करूनच कापा. त्यातली खळ निघाली की ते भलतंच आटतं.

आईच्या जुन्या सुती साड्या आहेत. त्यांचं काय करता येईल?

आधी साडी खिडकीत उजेडाकडे धरा. जिथून उजेड जाळीसारखा येतो तिथलं कापड दमलेलं असतं. बसण्याचा भाग आणि पायाशी घासणारा काठ हे बहुतेक आधी विरतात. तसा भाग चौकोनांना घेऊ नका. कातरलेली माया पहिल्या धुण्यात शिवणीपासून तुटून येईल.

उरलेलं कापड मात्र खूप असतं. नऊवारी म्हणजे नऊ वार, ३२४ इंच लांबी. ४४ इंच पन्हा धरला तर ७ इंचाचे २७६ चौकोन बसतात. विरलेलं म्हणून निम्मं बाजूला काढलं तरी १३८ उरतात, आणि लहान दुपट्याला ७२ पुरतात.

मऊ झालेली साडी एकटी फुलत नाही, नुसती लोंबते. तिच्यामागे फलालीनचा थर द्या. शेनीलमध्ये ती मधल्या थरांना उत्तम. इरकलीचे काठ कापून ठेवा, ते पिशवीच्या बंदांना शोभतात. आणि ज्या साडीला हात लावताना मन कचरतं ती सोडून द्या. सगळंच कापायला हवं असं नाही.

माझ्याकडे जुनं पायाचं मशीन आहे. चालेल?

उत्तम चालेल. जाड थर ओढायला ते बऱ्याच नव्या हलक्या मशीनांपेक्षा दणकट असतं. १६ नंबरची सुई लावा, जीन्स असेल तर १८. टाका मोठा ठेवा, इंचाला साधारण ८. वरचा थर पुढे सरकत असेल तर कापड दाबून धरणाऱ्या फुटाचा दाब थोडा कमी करा. नव्या मशीनला वॉकिंग फूट मिळतो, तो वरचं कापडही खालच्याबरोबर पुढे ढकलतो. शेनील वारंवार करणार असाल तरच घ्या.

फलालीन शिवताना बॉबिनच्या घरात कापसाचा गर साठतो. दर दोन-तीन बॉबिन संपल्या की ब्रशने काढा. टाके चुकायला लागले की लोक टेन्शनचा स्क्रू फिरवत बसतात आणि खाली हा गर तसाच असतो.

शेनीलचा पहिला तुकडा कसा करू?

चौरस उशीच्या अभ्र्याएवढा करा, थेट पांघरूण नको. तळाचं कापड घट्ट विणीचं घ्या आणि हव्या त्या मापापेक्षा सगळीकडून दोन-दोन इंच मोठं कापा, कारण टिपांनी आणि धुण्याने ते आटतं. त्यावर मलमल असेल तर पाच थर, फलालीन असेल तर तीन. सगळ्यांचे उभे-आडवे धागे एका दिशेत हवेत. टाचण्या लावा किंवा लांब कच्चे टाके घाला.

खडूने एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात ४५ अंशांची रेघ मारा. पहिली टीप त्या मधल्या रेघेवर. मग तिच्या एका बाजूला अर्ध्या अर्ध्या इंचावर टिपा मारत जा, नंतर दुसऱ्या बाजूला. एक टीप वरून खाली मारली तर पुढची खालून वर. सगळ्या एकाच दिशेने मारल्या की थर सरकतात आणि चौकोनाचा पतंग होतो. अंतर अर्ध्या इंचाच्या वर नेऊ नका. टिपांच्या मधोमध कापत असल्यामुळे लवेची उंची त्या अंतराच्या निम्मी येते. पाव इंचाची लव उभी राहते, त्याहून लांब असली की आडवी पडते.

मग कापायचं. ओल्फा कंपनीचं खास शेनील कटर मिळतं, पण एका उशीसाठी ते विकत घेण्यात अर्थ नाही. बोथट टोकाची कात्री घ्या. तिचं खालचं पातं तळाच्या कापडावरून सरकवत न्यायचं. त्याआधी दोन टिपांमधल्या बोळात प्लास्टिकची पातळ पट्टी सारून ठेवा, म्हणजे तळाला धोका राहत नाही. घाई करायची जागा ही नव्हे. रात्री दिव्याखाली गडद कापड तर मुळीच कापू नका.

तळाचं कापड कापलं गेलं तर?

मागून त्याच कापडाचं ठिगळ ठेवा आणि जुन्या टिपांवरूनच पुन्हा टिपा मारा. वरून कुणाला कळत नाही. कापलेली जागा नुसती हाताने ओढून शिवू नका, तिथे खळगा पडतो.

बाळाच्या दुपट्याएवढी रॅग करायला किती कापड लागेल?

३६ इंच बाय ३६ इंच धरू. ७ इंचाचे चौकोन कापा. चारही बाजूंनी अर्धा इंच माया गेली की प्रत्येक चौकोन ६ इंचाचा उरतो, म्हणून ६ ओळी आणि प्रत्येक ओळीत ६. वरची आणि खालची बाजू मिळून ७२ चौकोन. ३६ इंच पन्ह्यात एका ओळीत ५ बसतात, म्हणजे पावणेतीन मीटर. ४४ इंच पन्ह्यात ६ बसतात, सव्वादोन मीटर पुरतं. बाहेरच्या कडेची झिरमिळ धरून तयार माप ३७ इंच येतं. कापड आटून ते पुढे थोडं कमी होतं.

जोडताना दोन चौकोन उलट बाजूंनी एकमेकांना चिकटवून मधे आतला थर ठेवा आणि त्यावर फुलीची टीप मारा. मग असे तयार जोड एकमेकांना शिवा, आणि इथेच सवय आडवी येते. आपण सुलट बाजू समोरासमोर ठेवून शिवतो. इथे मागच्या बाजू समोरासमोर ठेवायच्या, म्हणजे माया वर येते. एक ओळ झाली की थांबून नजर टाका. उसवायचंच असेल तर एकच ओळ उसवावी लागेल.

मधल्या थरात कापूस घातला तर?

पिंजलेला सुटा कापूस नको, धुतल्यावर गोळे होतात. फलालीनचा तुकडा किंवा जुन्या चादरीचा थर घ्या. सोलापुरी चादरही चालते, पण मोठं पांघरूण उचलवणार नाही इतकं जड होतं. आतला तुकडा वरच्या चौकोनापेक्षा चारही बाजूंनी अर्धा इंच लहान हवा. मायेत आला की शिवण जाड होते आणि कातरताना बोटं दुखतात.

माया कातरायची कशी?

पाव ते अर्ध्या इंचावर एक काप, आणि काप शिवणीच्या आधी सुताभर थांबवायचा. टीप कापली गेली तर लगेच खूण करून ठेवा आणि धुण्याआधी ती जागा पुन्हा शिवा. चार चौकोन मिळतात तिथे माया दोन्ही बाजूंना उघडून ठेवलेली असावी. दुमडलेली शिवण कातरताना नको ती कापली जाते. स्प्रिंगवाली कात्री मिळाली तर बघा. साध्या कात्रीने सबंध गोधडी एका बैठकीत करायला गेलात तर दुसऱ्या दिवशी पोळ्या लाटता येणार नाहीत.

आमच्याकडे ड्रायर नाही. मग फुलेल कसं?

परदेशी व्हिडिओंमध्ये ड्रायरमधून काढून दाखवतात, त्यामुळे ही शंका सगळ्यांनाच येते. ड्रायर आपटतो आणि घासतो, ते काम आपण हाताने करायचं. पहिलं धुणं बादलीत करा, मशीनमध्ये नको, कारण या धुण्यात सुताचा ढीगभर गर निघतो आणि मशीनची जाळी, कधी कधी मोरीचं तोंडही तुंबतं. पाणी ओतताना बादलीच्या तोंडावर जुना पंचा धरा. पिळून जोरजोरात झटका, उन्हात घाला, अर्धवट वाळल्यावर कपड्यांच्या ब्रशने झिरमिळ्या दोन्ही दिशांनी घासा आणि पुन्हा झटका. दोन-तीन धुण्यांनंतर खरा फुलोरा येतो. पहिल्या धुण्यानंतर निराश होऊ नका.

ही कामं दिवाळी ते होळी या दिवसांत करावीत. पावसाळ्यात इतके थर दोन-दोन दिवस ओले राहतात आणि कुबट वास धरतात, कोकणात तर विचारूच नका.

परदेशात असाल आणि ड्रायर वापरणार असाल तर मधेच थांबवून त्याची जाळी साफ करा. पहिल्या वेळी ती भराभर भरते आणि साठलेला गर पेट घेऊ शकतो.

रंग जाईल का?

लाल, गडद निळा आणि काळा यांच्यावर विश्वास ठेवू नका. तुकडा कोमट पाण्यात पांढऱ्या चिंधीबरोबर भिजवून बघा. चिंधी रंगली तर ते कापड रंग जायचा थांबेपर्यंत वेगळं धुवा. मीठ आणि व्हिनेगरने तयार सुती कापडाचा सुटणारा रंग पक्का होतो असं सर्रास सांगतात. त्यावर विसंबू नका.

तान्ह्या बाळाला पांघरायला देऊ का?

नको. वर्षाच्या आतल्या बाळाच्या झोपण्याच्या जागी सैल आणि जड पांघरूण ठेवू नये असा बालरोगतज्ज्ञांचा सल्ला असतो. शिवाय रॅगचे सुटे धागे बाळाच्या बोटाभोवती घट्ट गुंडाळू शकतात. जागं असताना, समोर कुणी बसलेलं असताना जमिनीवर अंथरायला द्या, तेही तीन-चार धुणी झाल्यावर आणि लोंबणारे धागे कापून.

गॅसवरची भांडी धरायला रॅगचे तुकडे?

अजिबात नाही. सुताच्या मोकळ्या झिरमिळ्या ज्योत पटकन धरतात. भांडी धरायला कडा दुमडलेला जाड चौकोनच बरा.

हाताने शिवून होईल?

रॅग होईल. धावदोऱ्याऐवजी मागे टाका घेत जाणारी टीप घाला, नाहीतर माया कातरल्यावर शिवण सैल पडते. शेनील हाताने करू नये. एका उशीला शेकडो इंच टीप लागते.

हे आलं कुठून?

लवदार शेनील कापड स्कॉटलंडमधल्या पेझ्ली गावात १८३०च्या दशकात शालींसाठी विणलं जाऊ लागलं. अमेरिकेत हे नाव चादरींना चिकटलं ते जॉर्जिया राज्यातल्या डाल्टन भागामुळे. कॅथरीन एव्हन्स नावाच्या मुलीने १८९५मध्ये, पंधराव्या वर्षी, जाड सुताचे टाके घालून, ते कापून आणि धुऊन फुलवून एक चादर केली. १९००मध्ये तिने अशी एक चादर अडीच डॉलरला विकली. पुढे आसपासच्या घराघरांत बायका हे काम करू लागल्या आणि हमरस्त्याच्या कडेला दोऱ्यांवर चादरी वाळत घातल्यासारख्या विकायला लटकू लागल्या. त्याच कामाची यंत्रं झाली, आणि आज डाल्टन गालिच्यांसाठी ओळखलं जातं.

विकायला करायचं म्हटलं तर?

आधी अभ्रे आणि पिशव्या करून बघा. पूर्ण गोधडीत कापडापेक्षा कातरण्याचे तास जास्त जातात आणि गिऱ्हाईक ते तास मोजत नाही. आणि विकायचा माल दोनदा धुऊन फुलवूनच द्या. गिऱ्हाइकाच्या मशीनमध्ये गर अडकला की पुढची ऑर्डर गेलीच म्हणून समजा.

वापरून वापरून एका ठिकाणी शिवण सुटली. आता?

त्या भागातल्या झिरमिळ्या बोटांनी बाजूला सारून दोन्ही कडा पुन्हा जुळवा आणि जुन्या टिपेच्या किंचित आतून, चौकोनाच्या बाजूने नवी टीप मारा. सुटलेल्या जागेच्या आधी एक इंच सुरू करून नंतर एक इंच पुढे जा. चौकोनच विरला असेल तर तो उसवू नका. वरून थोडा मोठा नवा चौकोन ठेवा, चारही बाजूंनी जुन्या शिवणीलगत शिवा आणि त्याची माया कातरून टाका. एक-दोन धुण्यांनी तोही बाकीच्यांत मिसळतो.